दोन ओळींचें क्षेमकुशल

पत्रलेखनाच्या आमच्या जुन्या पद्धतींत एक वाक्य असें असे कीं, त्यांत बातमी कांहींच नसे आणि त्यावांचून पत्र मात्र पुरें होत नसे. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावें’ हें तें वाक्य. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें. तळहाताएवढी जागा, तींत घरच्या दहा माणसांचा मजकूर बसवावयाचा. तरीहि त्यांतील एक ओळ या बिनबातमीच्या वाक्यासाठीं राखून ठेवलेली असे. व्यवहारी माणसास हा जागेचा अपव्यय वाटेल. परंतु कार्ड हातीं येतांच आईची नजर प्रथम त्याच ओळीवर जाई, आणि ती ओळ नेहमींच्या जागीं, नेहमींच्या वळणाच्या अक्षरांत दिसली म्हणजे उरलेलें कार्ड सावकाश वाचण्याइतका धीर तिला येई.

माणूस बोलतो तो प्रत्येक वेळीं कांहीं कळविण्यासाठींच बोलतो असें नाहीं. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनॉव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानें पॅसिफिक महासागरांतील ट्रोब्रियंड बेटांवर राहून तेथील लोकजीवनाचा अभ्यास केला. आणि १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत असें दाखविलें कीं, रोजचें बरेंच बोलणें केवळ सहवासाची गांठ बांधून ठेवण्यासाठीं असतें, त्यांतील शब्दांचा अर्थ दुय्यम असतो. आम्हांस हें समजण्यासाठीं त्या बेटांवर जाण्याची जरुरी नाहीं. दुपारीं ओसरीवर भेटलेली शेजारीण ‘झालीं का जेवणें?’ असें विचारते, तेव्हां तिला आमच्या स्वयंपाकाचा हिशेब नको असतो. ‘झालीं, तुमचीं?’ एवढें उत्तर मिळालें कीं तिचें काम झालें. दोन घरांमधील वाट मोकळी आहे, एवढेंच त्या प्रश्नोत्तरांतून ठरतें.

एकत्र कुटुंबांत अशा बोलण्याचा तोटा कधींच नव्हता. आतां त्याच कुटुंबांतील काका पुण्यास, चुलतभाऊ नागपुरास, भाची बंगळुरास आणि नातू टोरांटोस अशी पांगापांग झाली आहे. मोठी बातमी असली म्हणजे दूरध्वनि होतो; परंतु मोठ्या बातम्या वर्षांतून चार. मधल्या तीनशें साठ दिवसांचें काय? पहिला पाऊस आला, पिठलें करपलें, धाकट्याचा दांत पडला, असल्या गोष्टींसाठीं कोणी मुद्दाम दूरध्वनि करीत नाहीं आणि पत्र तर नाहींच लिहीत. भांडणानें तुटलेलीं नातीं आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. परंतु त्यांहून अधिक नातीं या मधल्या दिवसांत, नुसत्या न बोलण्यानें, विरून गेलेलीं पाहिलीं आहेत.

हीच उणीव भरून काढूं पाहणारें एक साधन गेल्या सुमारें वीस वर्षांत जगभर पसरलें आहे. त्यास ‘मायक्रोब्लॉग’ असें नांव आहे. आम्ही त्यास अल्पलेख म्हणूं. मोबाईलवर दोन-चार ओळी लिहाव्यात, त्या आपल्या नांवाखालीं प्रकट व्हाव्यात, आणि ज्यांनीं आपलें लिहिणें वाचण्याचें ठरविलें असेल त्यांच्यापुढें त्या आपोआप याव्यात, एवढाच हा प्रकार. पत्त्याची जरुरी नाहीं, उत्तराची सक्ति नाहीं. पुष्कळ वडील मंडळींस हा पोरखेळ वाटतो, आणि पुष्कळ तरुणांस तो श्वासाइतका सहज वाटतो. दोघांनींहि त्याची नीट चौकशी केलेली नसते. ती करून पाहावी, हा या लेखाचा हेतु आहे.

एका कल्पनेचा जन्म

या साधनाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जो ट्विटर, त्याचा जन्म अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं झाला. तेथें ओडिओ नांवाची एक छोटी कंपनी इंटरनेटवरून ध्वनिमुद्रित कार्यक्रम ऐकविण्याचा धंदा उभारीत होती. २००५ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या आयट्यून्समध्यें तीच सोय केली आणि ओडिओच्या पायाखालची वाळू सरकली. कांहीं नवें शोधणें भाग पडलें. त्या कंपनींत काम करणाऱ्या जॅक डॉर्सी याच्या मनांत एक जुनी कल्पना घोळत होती. टॅक्सी किंवा रुग्णवाहिका ‘अमुक ठिकाणीं आहें, अमुक काम करीत आहें’ असें आपल्या केंद्रास थोडक्यांत कळवीत असतात. मग मित्रांनींहि एकमेकांस तसेंच कां कळवूं नये? नोआ ग्लास, बिझ स्टोन व इव्हान विल्यम्स या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें ती कल्पना आकारास आली. २१ मार्च २००६ रोजीं डॉर्सीनें पहिला अल्पलेख लिहिला आणि त्याच वर्षींच्या जुलैमध्यें ही सेवा सर्वांस खुली झाली.

तिची प्रसिद्ध अक्षरमर्यादा कोठून आली, ही हकीगत मौजेची आहे. सेवा मोबाईलच्या एसएमएसवरून चालावी अशी योजना होती, आणि एसएमएसची मर्यादा १६० अक्षरें. ही मर्यादा ठरविणाऱ्यांपैकीं फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्यानें १९८५ च्या सुमारास टंकलेखन यंत्रावर मनास येतील तीं वाक्यें लिहून त्यांतील अक्षरें मोजलीं. बहुतेक वाक्यें १६० च्या आंत बसलीं. पोस्टकार्डावरील मजकूरहि पुष्कळदां १५० अक्षरांपेक्षां कमीच असतो, असें आढळल्यानें त्याचा निश्चय पक्का झाला. म्हणजे नातें जोडावयाचेंच तर हा अल्पलेख आमच्या जुन्या कार्डाच्याच गोत्रांतला निघतो! ट्विटरनें त्या १६० पैकीं २० अक्षरें लिहिणाराच्या नांवासाठीं राखलीं आणि मजकुरास १४० उरलीं. ७ नोव्हेंबर २०१७ पासून ही मर्यादा दुप्पट, म्हणजे २८० झाली.

मराठींत लिहिणाराचा यांत निराळाच जमाखर्च आहे. देवनागरी मजकूर एसएमएसनें पाठवावयाचा तर एका संदेशांत १६० ऐवजीं ७०च खुणा मावतात. कारण रोमन अक्षरास तेथें सात बिट पुरतात, आणि देवनागरी खुणेस सोळा लागतात. ट्विटरनें हा पंक्तिप्रपंच ठेवला नाहीं. मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि अक्षराचा पाय मोडणारी खूण हीं प्रत्येकीं एकेक धरलीं जातात. ‘नमस्कार’ हा शब्द डोळ्यांस चार अक्षरांचा दिसतो, पण हिशेबांत सात भरतो. चिनी, जपानी व कोरियन या लिप्यांस २०१७ ची दुप्पट मर्यादा मिळाली नाहीं, कारण त्यांचें थोड्या खुणांत पुष्कळ सांगून होतें. मराठीस ती मिळाली. घरच्या माणसास मायबोलींत दोन ओळी लिहावयास आतां जागेची सबब उरलेली नाहीं.

ओसरी आणि चावडी

आरंभीं ट्विटरवर लिहिणारापुढें एक प्रश्न मांडलेला असे: ‘तुम्ही काय करीत आहां?’ प्रश्न घरगुती आणि त्याचीं उत्तरेंहि घरगुतीच. चहा टाकला आहे, गाडी चुकली, पोरगी अजून झोंपली नाहीं. क्लाइव्ह थॉम्प्सन या पत्रकारानें २००८ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मॅगझिनांत या अनुभवाचें मार्मिक विवेचन केलें. त्याचा आशय असा कीं, एकेक अल्पलेख घेतला तर तो क्षुल्लक. परंतु ते आठवड्यांमागून आठवडे वाचीत गेलें म्हणजे दूरच्या माणसाच्या दिनक्रमाची एक आकृति मनांत उमटत जाते. शेजारीं बसलेल्या माणसाची मनःस्थिति आपणांस त्याच्या उसाशांवरून कळते, तसें हें जाणणें. स्वयंपाकघरांत बसल्याबसल्या जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलें, आणि कोणत्या मनःस्थितींत आलें, हें ओळखणारी आजी आमच्या प्रत्येक वाड्यांत होती. अल्पलेख ही त्या पावलांची दुरून येणारी चाहूल होय.

नोव्हेंबर २००९ मध्यें हा प्रश्न बदलण्यांत आला. त्याच्या जागीं ‘काय घडत आहे?’ असा प्रश्न आला. दोहोंमधील अंतर लक्षांत घेण्याजोगें आहे. पहिला प्रश्न ओसरीवरचा, दुसरा चावडीवरचा. ‘काय करीत आहां?’ याचें उत्तर कोणासहि देतां येतें. ‘काय घडत आहे?’ याचें उत्तर देण्यास बातमी पाहिजे, मत पाहिजे आणि आवाज चढविण्याची तयारीहि पाहिजे. हा बदल केवळ मालकांनीं लादला असें नाहीं. लोकांनींच त्या जागेची चावडी करण्यास आरंभ केला होता. एका विषयावरील सर्व लेखन एकत्र सांपडावें म्हणून शब्दामागें चौकडीची खूण लावण्याची, म्हणजे हॅशटॅगची, सूचना ख्रिस मेसिना यानें २३ ऑगस्ट २००७ रोजीं केली, तीहि एक वापरणारा या नात्यानेंच. दुसऱ्याचें वाक्य पुढें पाठविण्याची चालहि आधीं लोकांत पडली आणि मग कंपनीनें ती उचलली.

चावडीचेहि उपकार आहेत, ते नाकारतां येत नाहींत. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, त्या दिवसांत रक्तदानाचीं आवाहनें आणि नातलगांच्या चौकशा यांची तेथें रीघ लागली होती. त्याच प्रवाहांतून अफवाहि वाहत होत्या, हेंहि सांगितलें पाहिजे. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप व सुनामी झाली, तेव्हां यंत्रणा कोलमडूं नये म्हणून दूरध्वनि कंपन्यांनीं बोलण्यावर कडक नियंत्रण घातलें. इंटरनेटवरून जाणाऱ्या छोट्या संदेशांनीं मात्र कितीएक घरांस आपलीं माणसें सुखरूप असल्याचें कळलें. २०१५ च्या डिसेंबरांत चेन्नईस महापूर आला असतां कोठें अन्न आहे, कोठें आसरा आहे, हें लोक याच मार्गानें एकमेकांस कळवीत होते. सुषमा स्वराज या २०१४ ते २०१९ या काळांत परराष्ट्रमंत्री असतांना परदेशीं अडकलेलीं माणसें त्यांस ट्विटरवर हांक मारीत आणि त्या ओ देत. मुलें परदेशीं असलेल्या घरांस याचें मोल निराळें सांगावयास नको. सुरेश प्रभु यांच्याकडे रेल्वेखातें होतें तेव्हां गाडींतील प्रवाशांच्या तक्रारींची दखल अशीच घेतली जाई.

परंतु चावडी गजबजली म्हणजे ओसरीवरचें बोलणें ऐकूं येईनासें होतें. जेथें सारा गांव वाद घालीत आहे, तेथें ‘आज आमच्याकडे जाई फुलली’ असें लिहिण्यास माणूस संकोचतो. घरासाठीं हें साधन वापरूं इच्छिणाऱ्यानें प्रथम ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

सर्वांसमक्ष वाचलें जाणारें पत्र

येथें एक जुनी आठवण वाचकांस करून द्यावीशी वाटते. जुन्या घरांत नव्या सुनेनें माहेरीं लिहिलेलें पत्र पेटींत पडण्यापूर्वीं वडील मंडळींच्या नजरेखालून जात असे, आणि माहेराहून आलेलें पत्र बैठकींत मोठ्यानें वाचलें जात असे. त्या मुलीस हें पुरें ठाऊक असे. म्हणून ती लिही, ‘मी खुशाल आहें. सर्व मंडळी फार प्रेमानें वागवितात.’ माहेरीं आई तें पत्र पुन्हां पुन्हां वाची, आणि काय लिहिलें आहे यापेक्षां काय लिहिलेलें नाहीं याचाच विचार करी.

आजचा अल्पलेख हें तशाच प्रकारचें पत्र आहे. तें सासरा वाचतो, साहेब वाचतो, जुना वर्गमित्र वाचतो आणि ओळखदेख नसलेलीं हजार माणसेंहि वाचूं शकतात. साहजिकच लिहिणारा हंसरा चेहरा करून लिहितो. टोरांटोमधील नातवानें बर्फाचें छायाचित्र टाकलें, त्याखालीं विनोदी ओळ लिहिली; म्हणून तो सुखांत आहे असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. त्याची नोकरी गेली असेल, तो तापानें फणफणला असेल. तें तो तेथें लिहिणार नाहीं. खुल्या पत्रांत खुशाली असते, सुख-दुःख असेलच असें नाहीं, हें जुन्या आईस कळत होतें. नव्या आईनें तें विसरूं नये.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. अल्पलेख वाचणारास भेट झाल्यासारखी वाटते, परंतु लिहिणारास ती झाल्याचें कळतच नाहीं. पुण्यास मावशी भाचीचें प्रत्येक वाक्य रोज आवडीनें वाचते, पुसत मात्र कांहीं नाहीं. आणि तिकडे बंगळुरास भाचीस वाटतें कीं मावशीला आपली आठवण राहिली नाहीं. वर्षानें कार्यांत भेट होते तेव्हां मावशी म्हणते, ‘मला सारें कळत असतें हो तुझें!’ यावर भाचीनें काय म्हणावें? ओसरीवरच्या प्रश्नास ‘झालीं, तुमचीं?’ असें उत्तर लागतें. तें मिळालें नाहीं तर तें बोलणें नव्हे, नुसतें ऐकणें झालें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, वाचलें तर दोन शब्द लिहावेत. ‘वाचलें, बरें वाटलें’ एवढेंहि पुरे.

भाड्याचें बिऱ्हाड

तिसरी गोष्ट जागेच्या मालकीची. हीं सारीं स्थळें कोणा ना कोणा कंपनीचीं आहेत. आपण तेथें बिऱ्हाडकरू. पाउन्स नांवाची अशीच सेवा २००८ च्या अखेरीस बंद पडली. जायकू ही फिनलंडमधील सेवा २००७ सालीं गूगलनें विकत घेतली आणि २०१२ सालीं मिटविली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारी बंगळूरची ‘कू’ ही सेवा २०२० सालीं निघाली आणि जुलै २०२४ मध्यें थांबली. खुद्द ट्विटर २७ ऑक्टोबर २०२२ रोजीं इलॉन मस्क यांनीं ४४ अब्ज डॉलरांस विकत घेतलें, आणि जुलै २०२३ मध्यें त्याचें नांवहि बदलून ‘एक्स’ असें ठेवलें.

मालक बदलला म्हणजे घराचे नियम बदलतात. पूर्वीं नांवापुढील निळी खूण म्हणजे हा मनुष्य तोच आहे याची ग्वाही असे. नोव्हेंबर २०२२ मध्यें ती पैसे भरणारास मिळूं लागली. लगेच एका तोतयानें इलाय लिली या औषध कंपनीचें नांव व निळी खूण धारण करून इन्सुलिन यापुढें फुकट मिळेल असें जाहीर केलें आणि कंपनीस खुलासा करतां करतां पुरेवाट झाली. नात्यांतील माणसाचें नांव घेऊन कोणी पैसे मागूं लागला तर खुणेवर विश्वास ठेवूं नये, आवाज ऐकून खात्री करावी, हा बोध यांतून घरांनीं घ्यावा.

एकाच मालकाच्या मर्जीवर राहूं नये म्हणून निराळे प्रयत्नहि झाले आहेत. जर्मनींत युजेन रोश्को यानें २०१६ सालीं मॅस्टोडॉन सुरू केलें. त्याचें सूत्र ई-मेलसारखें आहे: निरनिराळ्या मंडळींनीं आपापलीं केंद्रें चालवावींत आणि त्या सर्वांनीं एकमेकांशीं बोलावें. एक केंद्र आवडलें नाहीं तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवितां येतें आणि वाचणारे आपल्याबरोबर येतात. जुने लेख मात्र जुन्या घरींच राहतात. तेव्हां कोठेंहि राहा, आपल्या लेखनाची प्रत मधूनमधून उतरवून घ्यावी, आणि नातलगांचे पत्ते व क्रमांक घरच्या वहींत शाईनें लिहून ठेवावेत. १४ जुलै २०१३ रोजीं आमच्या देशांतील तारसेवासुद्धां बंद झाली. साधनें जातात, वही राहते.

घरापुरते कांहीं नियम

हीं सर्व व्यवधानें ठेवून घरासाठीं हें साधन वापरावें कीं नाहीं? आमचें मत, वापरावें. मात्र ओसरीस कडी असावी. आपलें लेखन आपण मान्य केलेल्या माणसांनाच दिसेल, अशी व्यवस्था ट्विटरवर पूर्वींपासून होती आणि इतरत्रहि पुष्कळ ठिकाणीं आहे. कुटुंबासाठीं असें एक बंद दाराचें नांव निराळें ठेवावें. तेथें वादविवाद नसावेत. जाई, पिठलें आणि पडलेला दांत यांसच मुभा असावी. सारें कुटुंब गांवीं जाणार असल्यास परत आल्यावर लिहावें. लहान मुलांचीं छायाचित्रें, त्यांच्या शाळेचें नांव, येण्याजाण्याच्या वेळा खुल्या जागीं प्रकट करूं नयेत. मूल मोठें होईल तेव्हां त्यासहि आपल्या बालपणावर कांहीं हक्क असेल.

मृत्यूची वार्ता या मार्गानें कधींच जाऊं देऊं नये. पूर्वीं अशा कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमननें तें हातीं देतांच, अक्षर वाचण्यापूर्वींच, माणूस खालीं बसे. त्या फाटक्या कोपऱ्यांत वाचणाराविषयींची दया होती. अल्पलेखास कोपरा नाहीं. चहा पितां पितां सहज बोट फिरवावें आणि सख्ख्या भावाच्या निधनाची बातमी परक्याच्या श्रद्धांजलींतून कळावी, याइतकी निर्दय गोष्ट नाहीं. जवळच्या सर्वांस आवाजानें कळविल्यावांचून घरांतील कोणीहि एक अक्षर प्रकट करूं नये, असें प्रत्येक कुटुंबानें आधींच ठरवून ठेवावें.

राहिला वेळेचा प्रश्न. उन्हाळ्यांत सॅन फ्रान्सिस्को येथें सकाळचे आठ वाजतात तेव्हां पुण्यांत रात्रीचे साडेआठ झालेले असतात. एक घर चहा टाकीत असतें आणि दुसरें पानें मांडीत असतें. दोघांसहि बोलण्यास सवड नसते, परंतु दोन ओळींस ती असते. रोजच्या या दोन ओळींनीं महिन्याच्या दीर्घ संभाषणाची जागा मात्र घेऊं नये. उलट त्या संभाषणास विषय पुरवावेत. ‘त्या दिवशीं गाडी चुकली म्हणाली होतीस, मग काय केलेंस?’ असें ज्यास विचारतां येतें, त्याचें नातें चालू आहे असें समजावें.

घरोघरीं आज एक तरी वडील माणूस असें आहे कीं, जें नातवंडांचीं वाक्यें दुसऱ्याच्या हातांतील मोबाईलवर, दुसऱ्याच्या सवडीनें वाचतें. त्यास स्वतः लिहितां आलें पाहिजे. येत्या रविवारीं घरांतील धाकट्यानें घरांतील थोरल्याजवळ तासभर बसावें आणि त्यास मराठींत दोन ओळी उमटवावयास शिकवावें. शिकविणारानें घाई करूं नये आणि शिकणारानें लाजूं नये.